बाळंतीण मागंच बसली, अक्का

अक्का, तुझ्या गाडीचा पार्ट आला.

तुझा फोन माझ्याजवळच आहे. बंद करायला हवा, पण करवत नाही. त्यावर सर्व्हिस सेंटरचा फोन आला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम आहेत का?" मी म्हणालो, "नाहीत." तर ती म्हणाली, "मग परत कधी करू?" याला काय उत्तर द्यायचं? शेवटी सांगावं लागलं की मॅडम आता येणार नाहीत, गाडी घेऊन मी येतो. ती हळूच म्हणाली, "सर, तुम्हीच ते तम्मा का?"

पन्नाशी उलटलेला, बँकेत चष्मा लावून बसणारा माणूस मी, आणि मला गाड्यांच्या दुकानात तम्मा म्हणून ओळखतात. ही सगळी तुझीच कृपा. आई कन्नडातून हाका मारायची, तिची हाक तू उचललीस आणि माझं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. आता तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही, आणि ती हाक नेमकी एका अनोळखी मुलीच्या तोंडून ऐकावी लागली. फोन ठेवल्यावर मी बँकेच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. रडलो म्हण हवं तर.

दाजी गेल्यावर तू गाडी घेतलीस तेव्हा अख्ख्या भावकीने नाकं मुरडली होती. बाईमाणसाला, तेही एकटीला, गाडी कशाला? तू कुणाला काही बोलली नाहीस. पुण्याच्या एका डॉक्टरांची जुनी, चंदेरी गाडी आणलीस, एका मास्तराकडे शिकलीस, आणि महिन्याभरात मंद्रूपच्या बाजाराला जाऊन वांगी घेऊन आलीस. तुझी उंची बेताची. म्हणून पाठीमागे उशी, बुडाखाली उशी, सीट पुढे ओढलेली, आणि हनुवटी जवळजवळ स्टिअरिंगला टेकलेली. लांबून बघणाऱ्याला गाडी आपली आपणच चालली आहे असं वाटायचं. दुसऱ्या गिअरच्या वर तू सहसा गेली नाहीस आणि हॉर्नवरचा हात सहसा काढला नाहीस. तुझ्या गाडीमागे अडकलेल्या रिक्षावाल्यांनी तुला काय काय म्हटलं असेल, ते काचा बंद असल्याने तुला ऐकू गेलं नाही एवढंच.

आणि मग ती बाळं. दुधनीच्या आपल्या चुलतभावाचा वीरेश हा त्यातला पहिला. दवाखान्याबाहेर रिक्षा मिळेना, तर तू म्हणालीस, "मी कशाला हाय मग?" वीरेशच्या आईला पुढे बसवलंस, बाळ तिच्या मांडीवर. भस्माची बोटं बाळाच्या कपाळाला लावलीस, तीच स्टिअरिंगला. वाटेत सिद्धेश्वराच्या देवळापाशी गाडी थांबवून बाळाला काचेतूनच देव दाखवलास. झालं, तिथून रीत पडली. आपल्या घरात, मग शेजारात, मग तुझ्या वरच्या मजल्यावरच्या तेलुगू भाडेकरणीचीसुद्धा, बाळं दवाखान्यातून घरी यायची ती तुझ्याच गाडीतून. बाळंतिणीला पुढची जागा, मानाची. बाकीचे आम्ही मागे एकमेकांच्या अंगावर. तुला मूल नव्हतं, हे आपण घरात कधी बोललो नाही. पण बाळ घेऊन तू गाडी चालवायचीस तेव्हा हॉर्नसुद्धा वाजवायची नाहीस, हे माझ्या लक्षात आलेलं होतं.

मग आमच्या बँकेतल्या एकाने सांगितलं की त्याला कंपनीचा फोन आला, गाडीच्या एअरबॅगचा एक भाग फुकट बदलून देणार आहेत. त्याची गाडी तुझ्या गाडीसारखीच, त्याच सुमाराची. मी लगेच तुझ्या गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घालून बघितला. तर तुझीही गाडी त्यात होती, चालकाची बाजू आणि शेजारची बाजू दोन्ही. तुला कुणी कळवलं नव्हतं, कारण कंपनीच्या दप्तरी अजून त्या पुण्याच्या डॉक्टरांचाच नंबर. एअरबॅग फुगवायला तिच्यामागे धातूची एक डबी असते. तिच्यातली भुकटी वर्षानुवर्षं उन्हाने, दमट हवेने बिघडते. मग धडक बसली की बॅग नुसती फुगत नाही, ती डबीच फुटते आणि तिचे तुकडे समोर बसलेल्याच्या अंगावर येतात. जगात माणसं मेली आहेत त्यानं. मी वाचलं आणि तडक तुझ्या घरी आलो.

तू शेंगा निवडत बसली होतीस. मान वर न करता ऐकलंस.

"फुगाच हाय न्हवं त्यो? फुग्याला कोण भितंय तम्मा?"

"फुगा न्हाय अक्का, फुग्यामागची डबी. ती फुटती. तुकडं उडत्यात."

"कवा उडत्यात?"

"गाडी धडकली की."

"मग झालं की! मी धडकतीच कुटं?"

"डाव्या दाराला खरचटलंय ते काय मग?"

"त्यो रिक्षावाला मला धडकला. मी न्हाय."

तुझ्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी तिथूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावला. त्यांनी नाव लिहून घेतलं, म्हणाले पार्ट मागवतो, यायला वेळ लागेल, तोवर शक्यतो गाडी बाहेर काढू नका. हे तुला सांगितलं तर तू हसलीस. "गाडी बाहीर काडायची न्हाई तर काय घरात चालवू?" आणि दुसऱ्या दिवशी मंद्रूपला गेलीस, मुद्दाम. वांगी आणून माझ्याकडे पाठवलीस, तीही मुद्दाम.

माझी स्नेहल तेव्हा दिवसांत होती. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. तू आधीच ठरवून टाकलं होतंस की बाळ कुठून, कुठल्या वाटेने, कुठल्या वारी घरी आणायचं. मला राहवेना. एकदा जेवायला आली होतीस तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "स्नेहलला तुझ्या गाडीतनं आणायचं न्हाय. मी टॅक्सी करीन."

तू हातातली भाकरी ताटात ठेवलीस. "माझ्या गाडीत बसून आजवर कुणाला काय झालंय?"

"न्हाय झालं म्हणून होणारच न्हाय असं हाय का?"

"एवडी पोरं आणली मी. एकालाबी खरचटलं का सांग."

"अक्का, हट्ट करू नकोस. पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय."

"साकु," तू म्हणालीस. पुरे. आईनेसुद्धा हाच शब्द काढला की घरात कुणी पुढे बोलायचं नाही. हात धुतलेस, चप्पल घातलीस आणि रिक्षाने गेलीस. गाडी आमच्या दारातच राहिली. संध्याकाळी मी ती तुझ्या घरी नेऊन लावली, किल्ली खिळ्याला अडकवली, तेव्हा तू देवघरात होतीस आणि बाहेर आली नाहीस.

त्यानंतर गाडीवर खोळ चढली ती चढलीच. तू रिक्षाने फिरायला लागलीस. शेजारीपाजारी विचारायचे, अक्कांची तब्येत बरी नाही का? मी सगळ्यांना सांगायचो, तब्येतीला काय झालंय, रुसली आहे माझ्यावर. मला तर खात्रीच होती. शेंगाची चटणी घेऊन आलीस तरी उंबऱ्याबाहेर उभी राहून डबा द्यायचीस. "आत ये की," म्हटलं तर "रिक्षा थांबलीया" म्हणायचीस. खरं सांगतो, मला गंमत वाटायची. म्हणायचो रुसू दे, बाळाचं तोंड बघितलं की येईल आपोआप.

आणि एका सकाळी चहा घेता घेता तू गेलीस. डॉक्टर हृदय म्हणाले. मी म्हणतो घाई. तुला प्रत्येक गोष्टीची घाईच होती, फक्त गाडी चालवताना नव्हती.

आपल्यात माणसाला बसवून निरोप देतात. तुला भस्म लावून, हार घालून, भिंतीशी टेकवून बसवलं तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. तू अगदी गाडी चालवताना बसायचीस तशी दिसत होतीस. पाठ ताठ, मान जराशी पुढे, चेहऱ्यावर तोच निश्चय. मला वाटलं, आता मागे वळून विचारशील, "बसलासा का समदी? दार लागलंय का बगा." इतक्या रडारडीत मला हसू आलं आणि मी उपरण्याने तोंड झाकलं. लोकांना वाटलं हुंदका आला. मग खरंच आला.

शिवगणाराधनेला, तुझ्या दिवसांच्या जेवणाला, सगळे जमले, तेव्हा पंगतीत एकच विषय निघाला. वीरेशची आई म्हणाली, "अक्कांनी मदीच एकदा फोन केला. माज्याशी काय बोलल्या न्हाईत, म्हणल्या वीरेशला दे. त्याला इचारलं, 'बरा हाईस न्हवं रं?' त्यो म्हणला, 'जेवतोय.' तर म्हणल्या, 'बरं, जेव,' आणि ठेवला." दुसरी म्हणाली, माझ्याही पोरीला असाच केला. तिसरीच्या जुळ्यांना तर दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं. तुझी भाडेकरीण लक्ष्मी डोळे पुसत म्हणाली, "मला फोन कशाला करतील? वर आल्या. माझ्या पोरीचे गाल धरून बघत बसल्या. म्हणल्या, लई ग्वाड पोरगी हाय. आणि तशाच खाली गेल्या." कुणीतरी म्हणालं, "त्यांना कळलं होतं." आणि सगळ्या पंगतीने माना डोलावल्या. पुण्यवान जिवाला आधी कळतं, निरोप घेऊन गेल्या, असं चाललं होतं. मीही मान डोलावली अक्का. मला ते खरंच वाटलं होतं, आणि तू मला तसा फोन केला नाहीस याचं मनात कुठेतरी खुपलंही होतं.

म्हणून त्या सर्व्हिस सेंटरची गोष्ट तुला सांगायची आहे. तुझी गोष्ट तुलाच सांगतो आहे हे ठाऊक आहे, पण मला ती तुझ्याकडून कळली नाही.

फोनवरची ती मुलगी म्हणजे शबाना. काउंटरवर बसते. गाडी आत घेतली आणि मला चहा देऊन ती समोर बसली. म्हणाली, "मॅडम रोज फोन करायच्या. 'आला का गं पार्ट?' मी म्हणायची नाही, तर म्हणायच्या, 'बरं, उद्या करते.' एकदा तर स्वतःच आल्या, रिक्षाने. याच खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, 'माझा धाकटा भाऊ हाय, तम्मा. लई किरकिर करतोय. पण किरकिर करणाऱ्याचंबी कदी कदी खरं असतंय. मला नीट सांग.' मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, 'नवीन बसवली की बाळंतिणीला पुढं घेता येतंय न्हवं? बाळ मांडीवर?'"

शबानाने तुला सांगितलं की नाही. बाळाला मांडीवर घेऊन पुढे कधीच बसायचं नाही, बॅग कितीही चांगली असू दे. ती इतक्या जोराने उघडते की मांडीवरच्या बाळाला सोसणार नाही. बाळाची जागा मागे.

"मॅडम बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला लागल्या," शबाना म्हणाली. "ओठ हलत होते. मला वाटलं जप करतायत. चहा गार झाला. मग म्हणाल्या, 'समदी पुढंच बसवली की गं मी.'"

अक्का, तू जप करत नव्हतीस. तू नावं घेत होतीस. वीरेश, ती जुळी, लक्ष्मीची पोर, सगळी. मानाची जागा म्हणून तू प्रत्येकाला जिथे बसवलंस ती गाडीतली सगळ्यात वाईट जागा होती, हे तुला त्या खुर्चीवर कळलं. काही झालं नव्हतं. होणारही नव्हतं कदाचित. पण घरी येऊन तू एकेका पोराला फोन लावलास. धडधाकट आहे, जेवतं आहे, आईला छळतं आहे, हे तुला कानांनी ऐकायचं होतं. तुला मरणाची चाहूल बिहूल काही लागली नव्हती. गाडीवरची खोळही रुसून चढवलेली नव्हती. माझं तू ऐकलं होतंस. फक्त मला सांगितलं नाहीस, आणि सांगितलंही नसतंस शंभर वर्षं जगली असतीस तरी.

भावकीला मी हे सांगितलेलं नाही. त्यांच्या मते तू पुण्यवान जीव आहेस, आणि त्यात चूक काही नाही.

गाडी घेऊन घरी आलो तर स्नेहल म्हणाली, "अण्णा, आत्याची गाडी ठीक झाली ना? मग बाळाला त्यातूनच आणायचं. मी मागे बसणार." मी विचारलं, मागे बसायचं तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, आत्याचा फोन आला होता. "बाळंतिणीनं मागं बसायचं असतंय, आपल्यात रीतच हाय ती," असं तू तिला ठणकावून सांगितलंस म्हणे. स्नेहल म्हणाली, "मी म्हटलं, आत्या, आजवर तर सगळ्या पुढेच बसल्या. तर म्हणाली, 'त्या चुकल्या.'"

मी किती हसलो म्हणून सांगू. त्या चुकल्या! बसवणारी कोण, ते मात्र नाही.

आणि मुलगी झाली, अक्का. काळे कुळकुळीत केस आणि तुझ्यासारखी हनुवटी पुढे. दवाखान्याच्या दारात गाडी लावली तेव्हा स्नेहलच्या सासूबाई पुढचं दार उघडून उभ्या राहिल्या. "ये बाळ, इथं बस. बाळंतिणीला पुढं मान असतो." स्नेहल आधीच मागचं दार उघडून आत सरकली होती. आतूनच म्हणाली, "आमच्यात मागेच बसतात. आत्यानं सांगितलंय." त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "व्हय, आमच्यात रीतच हाय." रीत अजून जुनी झालेली नाही आणि ती पाडणारी आमच्यात नाही, म्हणजे आता ती मोडायची कुणाची छाती नाही. जावयाने बाळाची वेगळी खुर्ची आणून मागे पट्ट्याने बांधली होती. ती तू बघितली असतीस तर म्हणाली असतीस, पोरीला कशाला रं बांधून ठेवलंय? आणि मग कुणी बघत नाही असं बघून पट्टा ओढून बघितला असतास.

मी तुझ्यासारखीच दुसऱ्या गिअरमध्ये चालवली. देवळापाशी थांबलो, भस्म लावलं. मागून रिक्षावाले ओरडत होते. ओरडू देत.

एक गोष्ट राहिली. त्या जेवणाच्या वेळी मी तुझ्याशी भांडलो ते स्नेहलच्या नावाने. बाळाचं काय, पोरीचं काय, असं म्हणत राहिलो. पण त्या डबीचं पहिल्यांदा वाचलं ना, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर स्नेहल नव्हती. तू होतीस, उशीवर बसून स्टिअरिंगला हनुवटी टेकवलेली. माझी सगळी किरकिर तुझ्यासाठी होती अक्का. आपल्या घरात असं कुणी कुणाला बोलत नाही, म्हणून मीही पोरीला पुढे केलं. तू मला असायला हवी होतीस, एवढंच साधं होतं ते.

आज दुपारी बाळ झोपल्यावर मी तुझा फोन घेऊन बसलो आणि तू ज्यांना फोन केले होतेस त्या सगळ्यांना करत सुटलो. कारण एकच, बाळ घरी आलं हे सांगायचं. जुळी एकाच वेळी बोलली. लक्ष्मीची पोर वरून खाली येऊन बाळाच्या मुठी उघडून बघून गेली. वीरेशने फोन उचलला तो तुझं नाव दिसलं म्हणून घाबरूनच. माझा आवाज ऐकून जरा सावरला.

"काका, आत्यानं बी असाच फोन केलता," तो म्हणाला. "मग ती मेली. तुमी बी मरणार काय?"

"न्हाय रं," मी म्हणालो. "आणि आत्यानं त्यासाठी फोन केला नव्हता. तू जन्मलास तवा दवाखान्यातनं तुला तिनंच गाडीतनं घरी आणलंतं. तू नीट पोचलास न्हवं, एवढंच तिला इचारायचं हुतं."

मागे त्याच्या आईचा भांड्यांचा आवाज येत होता.

"पोचलो की," तो म्हणाला.